फिकट म्हणजे चांगलं

बंगळूर
१४ जानेवारी २००७

ती. काकांना नमस्कार, आणि काकूला तिळगूळ इथूनच.

माझी खोलीतली मैत्रीण मिनल उद्या मीरा रोडला घरी जातेय, तिच्या हाती एक डबी पाठवतेय. उघडलीत की आत टपालाच्या तिकिटाएवढ्या काचेच्या पट्ट्या दिसतील. ‘बंगळुरात तू नक्की करतेस तरी काय’ असं तुम्ही दर पत्रात विचारता ना, ते हेच. आम्ही हिला चिप म्हणतो.

या काचेत केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या आहेत. एका टोकाला रक्ताचा थेंब ठेवला की तो आपणहून आत ओढला जातो, वाटेत गाळला जातो आणि शेवटच्या कप्प्यात पोचतो. त्या कप्प्यात औषधाचा एक वाळलेला थर आहे. तुमच्या किडनीला जी घाण बाहेर टाकणं जमत नाहीये, ती रक्तात जितकी जास्त, तितका तो थर केशरी होतो. फिकट पिवळा म्हणजे चांगलं, गडद केशरी म्हणजे वाईट. सोबत रंगांचं कार्ड आहे, त्याच्याशी ताडून बघायचं. बोट आधी कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, टोचल्यावर पिळू नका आणि पट्टी आडवी ठेवा.

काका, हे बाजारात यायला अजून बरीच वर्षं आहेत. सरांना न विचारता मी ही डबी आणलीय, तेव्हा बोभाटा करू नका. आणि स्टेशनजवळच्या लॅबमधला दर महिन्याचा रिपोर्ट चालूच ठेवा. डॉक्टरांनी डायलिसिससाठी हाताची नस तयार करून घ्यायला सांगितलंय, असं लांज्याहून दादांनी फोनवर सांगितलं. घाबरू नका. ते लवकर लागू नये म्हणूनच हा खटाटोप.

तुमची
स्वाती

गोडदेव, भाईंदर पूर्व
४ फेब्रुवारी २००७

चि. स्वातीस रंगखात्याच्या माजी शेडमास्तरचे आशीर्वाद.

डबी पोचली. चिप म्हणजे आम्हाला फक्त बटाट्याची ठाऊक, त्यामुळे तुझ्या काकूने आधी वास घेऊन पाहिला. मग मी तुझ्या हुकुमाप्रमाणे बोट धुतलं, टोचलं, आणि थेंब जो सरसर आत गेला तो बघत आम्ही दोघं लहान मुलांसारखे टेबलावर वाकून बसलो. रंग आला तो केशरी. कार्डावरच्या शेवटच्या घराच्या अलीकडचा. लगेच लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं, तर त्यांचाही आकडा तेच बोलला. पोरी, तुझी चिप खरी आहे. लालबागच्या मिलमध्ये सारी हयात मी कापडाची शेड ताडण्यात घालवली. दोन निळ्यांमधला फरक मालकाला दिसायचा नाही तो मला दिसायचा. रंगाच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

डॉक्टरांचं म्हणशील तर भीक नको पण कुत्रं आवर अशी गत आहे. मीठ बंद, डाळ बेताची, केळं नाही, शहाळं नाही. वर मार्चमध्ये हाताच्या नसेचं ऑपरेशन. तुला म्हणून सांगतो, मला त्या मशीनची फार भीती वाटते. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा जायचे, आणि येताना त्यांना धरून आणावं लागायचं. मला तसं घरी यायचं नाही. ही गोष्ट काकूला सांगू नकोस, तिच्यापुढे मी फुशारक्या मारतो.

तुझा काका
गुणवंत

बंगळूर
२० फेब्रुवारी २००७

ती. काका,

तुमचं पत्र मी मिनलला वाचून दाखवलं, भीक आणि कुत्रं सोडून. रिपोर्ट आणि चिप जुळले हे वाचून मी किती आनंदले ते लिहून सांगता येणार नाही. खऱ्या माणसाच्या घरात, टेबलावर चिप चालली असं पहिल्यांदाच घडलं. आणि तेही तुमच्याकडे.

आता बातमी. मी मार्च ते मे जर्मनीला जातेय. तिथल्या एका प्रयोगशाळेत नळ्या कोरायचं नवं तंत्र शिकायचंय. तिकडचा पत्ता अजून हाती नाही, आणि तुम्हाला ई-मेलचं वावडं. तेव्हा पत्रं इथल्याच पत्त्यावर टाका, आल्यावर एकदम वाचेन. मध्येमध्ये फोन करीन, पण ‘बिल किती झालं असेल’ म्हणत तुम्ही दोन मिनिटांत ठेवून देता.

नसेचं ऑपरेशन करून घ्या, काका. नस तयार असली म्हणजे लगेच डायलिसिस सुरू होतं असं नाही. माझं एवढं ऐका.

स्वाती

गोडदेव
२८ मार्च २००७

चि. स्वातीस, जर्मन भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या आमच्या घराण्यातल्या पहिल्या व्यक्तीस अनेक आशीर्वाद.

हे तू जूनमध्ये वाचशील, पण मला राहवत नाही. रंग उतरलाय. फेब्रुवारीभर केशरीच होता, मार्च लागला आणि पिवळ्यावर आला. परवाचा तर इतका फिकट की लिंबाचं सरबतसुद्धा त्याहून गडद असेल. काकूने शिवरात्रीपासून गोखरूचा काढा सुरू केला होता, त्याचा गुण असं ती म्हणते. मी नाही म्हणत नाही.

आता तुझ्या काकूची हुशारी ऐक. तू परदेशात, डबी संपली तर मागायची कोणाकडे? म्हणून तिने पहिल्या दिवसापासून एकही चिप फेकलेली नाही. वापरून झाली की कोमट पाण्यात बुडवून ठेवते, बारीक नळीतून पाणी जाईपर्यंत हलवते, आणि चहाच्या गाळणीत घालून खिडकीत वाळवते. आपल्या घरात दुधाची पिशवी कधी कचऱ्यात गेलीय का? नव्या चिप फेब्रुवारीतच संपल्या, तेव्हापासून धुतलेल्याच चालू आहेत. काच अगदी नव्यासारखी स्वच्छ निघते. मिलमध्ये आम्ही नमुन्याच्या वाट्या अशाच धुऊन वापरायचो, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

ऑपरेशनची तारीख मी रद्द केली. लॅबमध्येही गेलो नाही. बरं चाललेलं असताना रक्त देऊन आकडे काढायचे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. काकू जरा कुरकुरली, तर मी चिप उजेडात धरून तिला दाखवली. ती म्हणाली, स्वातीच्या हातचं आहे म्हणजे खोटं नसणार.

तुझा
गुणवंतकाका

गोडदेव
६ मे २००७

चि. स्वातीस आशीर्वाद.

आज थोडंच लिहितो, हात जरा कापतोय. उन्हाळा मेला भारी आहे यंदा. पावलांवर सूज येते, अंगाला खाज सुटते आणि तोंडाला सारखी तांब्याच्या भांड्यासारखी चव. उन्हाने असेल. रंग मात्र फिकटच आहे, आज सकाळीच पाहिला, म्हणून मी निर्धास्त आहे.

गेल्या रविवारी समुद्रकाठच्या पालीला धर्माजीकडे गेलो होतो. मिलमधला जुना सोबती. त्याने पापलेट तळलं, सोलकढी केली, वर शहाळं फोडलं. मी मागे सरलो तर म्हणाला, ‘आता बरा झालास ना, मंग खा. एक दिसानं काय होत न्हाय.’ खाल्लं. फार दिवसांनी पोटभर जेवलो, स्वाती. समुद्राकडे तोंड करून दोघं बसून राहिलो. लांज्याहून दादाने, तुझ्या बापाने, आंब्याची पेटी पाठवलीय, तीही उघडली आहे.

त्या मशीनपासून सुटलो, हे तुझ्यामुळे. सगळ्यांना सांगत फिरतो.

काका

गोडदेव
१२ जून २००७

प्रिय स्वाती,

मला पत्र लिहायची सवय नाही. ते काम ह्यांचं. पण फोनवर तू नुसती रडतेस आणि मग मलाही काही बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

तू जर्मनीहून येऊ शकली नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. दादांनी सगळं केलं, तेराव्यापर्यंत राहिले. झालं ते एका दिवसात झालं. सकाळी ह्यांना धाप लागली, बोलताना शब्द जड यायला लागले. रिक्षा केली, काशीमीऱ्याला ट्रकच्या रांगेत अडकलो, तेव्हा माझा हात धरून म्हणाले की घाबरू नकोस, कालच रंग बघितलाय. हॉस्पिटलात रक्त तपासलं आणि डॉक्टर माझ्यावरच ओरडले. महिनाभर आधी का आणलं नाही, डायलिसिसवर हा माणूस अजून कितीतरी वर्षं जगला असता. मी म्हटलं, घरी तपासत होतो, चांगलं येत होतं. ते मान हलवून आत गेले. संध्याकाळी हृदय बंद पडलं.

मला कळत नाही कसं झालं. पण नशिबात होतं म्हणायचं. तुझ्या चिपमुळे शेवटचे तीन महिने ते हसत होते, मनासारखं खाल्लं, एवढं समाधान मला आहे.

गोडदेव गावातल्या सरूबाईला ओळखतेस, आपल्याकडे भाजी घेऊन यायची. तिच्या दशरथलाही किडनीचंच निघालंय. अजून तिशीही नाही पोराची. मी ती डबी आणि कार्ड तिला दिलं. ह्यांच्या मागे पडून राहण्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडेल. बोट धुवायचं, पिळायचं नाही, चिप कशी धुवायची, सगळं समजावून सांगितलं.

जेवत जा.

तुझी काकू
शेवंती

बंगळूर
१९ जून २००७

प्रिय काकू,

तुझं पत्र आलं. मी इथे परतले तेव्हा काकांची दोन पत्रं दाराखाली पडलेली होती. गेलेल्या माणसाचं अक्षर पाकिटावर बघून उघडायला मला वेळ लागला. आता ती पुष्कळदा वाचून झालीत.

काकू, एक काम कर. त्या चिपची मुदत संपलीय. सरूबाईंकडून डबी परत घे आणि फेकून दे. दशरथला डॉक्टरांनी जे सांगितलं असेल तेच त्याने करावं, लॅबमध्येच तपासावं. विसरू नकोस.

परवा मी फोन केला होता तो हेच सांगायला. तुझा आवाज ऐकला आणि जेवलीस का विचारून ठेवून दिला.

तुझी
स्वाती

गोडदेव
८ जुलै २००७

प्रिय स्वाती,

तुझा निरोप मी सरूबाईला सांगितला, पण ती डबी द्यायला तयार नाही, आणि मीही फार आग्रह केला नाही. मुदत संपली तर काय झालं? मुदत संपलेल्या गोळ्या आपण घेतोच की, काही होत नाही. दशरथचा रंग छान फिकट येतोय. काल सरूबाई माझ्या दारात बसून रडली, आनंदाने. म्हणाली, ‘वयनी, रंग बग कसा पिवला हाय. माज्या पोराला आता सुया नकोत.’ त्याला याच आठवड्यात हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं, ते त्यांनी पुढे ढकललंय.

गावातली आणखी दोघंतिघं विचारत होती. मी म्हटलं, स्वाती दिवाळीला येईल तेव्हा नवी डबी आणेल. ह्यांचं नाव निघतं त्या निमित्ताने. घर फार रिकामं आहे गं. संध्याकाळी दोन कप चहा टाकते आणि मग एक परत ओतते. असं कोणी तुझं नाव काढलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

काकू

बंगळूर
१३ जुलै २००७

प्रिय काकू,

काल तुझं पत्र वाचून मी लगेच फोन केला. दशरथला आजच्या आज हॉस्पिटलात न्या असं सांगितलं. तू म्हणालीस, रंग चांगला आहे, उगाच का घाबरवतेस, कारण सांग म्हणजे सरूबाईला पटवते. मी काहीतरी सबब शोधत राहिले. मग तू विचारलंस, ‘माझ्यापासून काय लपवतेस?’ आणि मी एकच वाक्य बोलले, की धुतलेली चिप काहीच दाखवत नाही. त्यावर फोन बंद झाला. फोन तुटला की तू ठेवलास, मला माहीत नाही. नंतर मी किती वेळा लावला, कोणी उचलला नाही.

जे अर्धवट बोलले ते पूर्ण लिहिते, कारण तू ते कोणा दुसऱ्याकडून ऐकू नयेस.

त्या शेवटच्या कप्प्यात औषधाचा जो थर असतो, त्याच्यामुळे रंग येतो. पाण्यात बुडवली की तो थर विरघळून निघून जातो. मग त्या चिपमध्ये कोणाचंही रक्त घातलं, कितीही घाण असली, तरी गाळलेल्या रक्ताचा फिकट पिवळेपणाच तेवढा दिसणार. फेब्रुवारीत नव्या चिप होत्या तेव्हा केशरी आलं, ते खरं होतं. मार्चपासून काकांनी जे पाहिलं तो रंग नव्हता, रंग नसणं होतं. त्यांची नजर चुकली नाही. बघायला तिथे काही नव्हतं.

काकू, तू धुतल्यास ही चूक नाही. बोट कसं धुवायचं, कसं टोचायचं, पट्टी कशी धरायची, सगळं मी लिहिलं. एकदा वापरून फेकायची हे लिहिलं नाही, कारण लॅबमध्ये ते कोणी कोणाला सांगत नाही. पण मी चार वर्षं तुझ्या घरात राहून कॉलेज केलंय. त्या घरात काय फेकलं जातं आणि काय नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला सुचायला हवं होतं. सरांना विचारलं असतं तर त्यांनी अशी डबी लॅबबाहेर जाऊच दिली नसती. काकांनी ज्या पत्रात हे लिहिलं ते इथे दोन महिने बंद पडून होतं आणि मी तिकडे नळ्या कोरत बसले होते. यात दोष द्यायचा तर मला दे.

मी तुला हे कधीच सांगणार नव्हते. मुदत संपल्याचं खोटं लिहिलं ते त्यासाठीच. तुझं समाधान तसंच राहू द्यायचं होतं. दशरथ नसता तर मी मरेपर्यंत बोलले नसते.

सरूबाईंना सांग. तिकीट पुढच्या शनिवारचं मिळालंय, रविवारी पोचते.

स्वाती

गोडदेव
२२ ऑगस्ट २००७

चि. स्वाती,

तू आलीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू दोन दिवस दशरथच्या खाटेजवळ बसून परत गेलीस. दारात माझ्या पाया पडलीस आणि मी हात डोक्यावर ठेवला नाही. ते तुला लागलं असणार. मलाही लागलंय.

फोन तुटला नव्हता, मी ठेवला होता. मग चपला घालून सरूबाईकडे गेले. तिला मी सगळं सांगितलं, माझ्या तोंडाने. माझा नवरा कसा गेला आणि तिचा मुलगा कुठल्या वाटेवर आहे, दोन्ही एका दमात. ती आधी मला शिव्या देत होती, मग माझ्या गळ्यात पडली, मग आम्ही रिक्षा बोलावली. तुला ठाऊक आहेच, डॉक्टर म्हणाले की चार-पाच दिवस उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. आता त्याचं डायलिसिस चालू आहे. थकतो, पण घरी चालत येतो. आईला वांगी निवडून देतो. काल माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, ‘काकी, मी हाय तो तुमच्यामुलं.’ मला त्याच्याकडे बघवेना.

तू लिहिलंस की धुतल्या ही चूक नाही. मी ते पत्र रोज वाचते आणि मला ते पटत नाही. माझ्याच हातांनी मी त्या कोमट पाण्यात हलवल्या. जपून, नळी फुटू नये म्हणून. ह्यांना सूज आली तेव्हा मी म्हटलं होतं, एकदा लॅबमध्ये जाऊन या. त्यांनी रंग दाखवला आणि मी गप्प बसले, कारण ती वस्तू तुझी होती. दुसऱ्या कोणाची असती तर मी त्यांना ओढत नेलं असतं. म्हणजे दोष तुझा असंही मनात येतं, आणि मग तुझं लहानपणीचं तोंड आठवतं आणि तेही धरून ठेवता येत नाही. एकीकडे माझे हात आणि दुसरीकडे तू. कोणाकडे बघू?

फोनवरच्या तुझ्या त्या एका वाक्याने दशरथ वाचला. तू ते बोलली नसतीस तर पाप झालं असतं, हे मला पक्कं कळतं. पण ते ऐकेपर्यंत मी नुसती विधवा होते गं. तेवढं मला पेलत होतं.

म्हणून आता मी सांगते तसं कर. इतक्यात मला पत्र लिहू नकोस, फोनही नको. दिवाळीला येऊ नकोस, दादांना मी काहीतरी सांगेन. तुझं काम सोडू नकोस, मला ते कळलं तर आणखी त्रास होईल. मला जमेल तेव्हा मीच बोलावीन. बोलावणं आलं नाही तर अजून जमलेलं नाही असं समज. माया आटली असं मात्र कधी समजू नकोस.

तुझी काकू
शेवंती